काट्याशी वाद नाही

मला लोक संशयी म्हणतात. म्हणू देत. माझं अख्खं आयुष्य टायरच्या दुकानात गेलं. गिऱ्हाईक येतं, चाकाकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, "आपोआप हवा गेली बघा." आपोआप! टायरमध्ये बोटाएवढा खिळा घुसलाय आणि हवा म्हणे आपोआप गेली. अशी माणसं रोज बघितल्यावर कुणाच्या शब्दावर विश्वास कसा बसेल? म्हणून त्या दिवशी सकाळी दादा त्याची मोटरसायकल, ठिगळी, ढकलत माझ्या दारात आला आणि म्हणाला, "बारक्या, तू पुढच्या चाकाला चुकीचा टायर घातलायस," तेव्हा मला राग तर आलाच, पण त्याआधी मनात पाल चुकचुकली.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्या दोन दुकानांत एकच भिंत, अलीकडे माझं टायरचं, पलीकडे त्याचं मीटरचं. मोटरसायकल असो नाहीतर टेम्पो, वेग दाखवणारा काटा अडकला, थरथरला, भलतंच दाखवायला लागला, की गाडीवाला दादाकडे यायचा. सगळे त्याला काटेमास्तर म्हणायचे. दुकान म्हणजे एवढीशी खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर पांढरं फडकं आणि फडक्यावर स्क्रू एका ओळीत. भिंतीवर दुरुस्त झालेले मीटर लटकलेले, सगळ्यांचे काटे शून्यावर. त्यातला एखादा काटा शून्याच्या जरा वर उभा राहिला तर ह्याला जेवण जायचं नाही. वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, पोरगी तापाने फणफणली होती तेव्हा ह्यांचा जीव एवढा खालीवर झाला नव्हता."

पण दादाची खरी कमाल काट्यात नव्हती, कानात होती. तो रस्त्याकडे पाठ करून बसायचा. बाहेरून एखादी गाडी गेली की मान वर न करता म्हणायचा, "बेचाळीस." लोकांनी किती वेळा त्याची परीक्षा घेतली! कुणीतरी गाडीवरून जायचं, काट्यावर नजर ठेवायचं आणि परत येऊन पडलेल्या चेहऱ्याने सांगायचं, "बेचाळीसच होता हो." दादा हसायचासुद्धा नाही. जसं काही सगळ्यांचे कान असेच असतात!

त्याच्या दुकानाचा एकच नियम होता, काट्याशी वाद नाही. दुरुस्त केलेला मीटर बंद करताना काचेभोवतीच्या पत्र्याच्या रिंगवर, बरोबर सांध्यावर, तो नखं रंगवायच्या लाल रंगाचा एक थेंब द्यायचा. थेंब तडकला असेल तर मीटर कुणीतरी उघडलाय. थेंब शाबूत असेल तर मीटर खरा. मग गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी दादा म्हणायचा, "काट्याशी वाद नाही. तुमचा अंदाज चुकतोय." वहिनींच्या नखांना उभ्या जन्मात रंग लागला नाही, रंगाच्या सगळ्या बाटल्या दुकानात.

आता ठिगळी. ठिगळी ही दादाची मोटरसायकल, त्याने स्वतः बांधलेली. इंजिन एका गाडीचं, टाकी दुसरीची, पुढचं चाक तिसरीचं. सायलेन्सर कुणाचा ते विचारू नका, त्यालाही आठवत नाही. पुढचं चाक मूळ मीटरच्या हिशोबापेक्षा मोठं होतं, त्यामुळे काटा सुरुवातीला कमी वेग दाखवायचा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालायचंच. ह्याने मला तीन वेगवेगळे टायर चढवायला लावले, चाकातलं दातेरी चक्र लेथवाल्याकडून दोनदा कातून घेतलं आणि काटा चोख झाल्यावरच पहिल्यांदा वहिनींना मागे बसवलं. वहिनी गाडीला सवत म्हणायच्या, पण बसायला सगळ्यात पुढे त्याच.

पुढे दादाला जवळचं दिसेनासं झालं. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर काम करायचं आणि ती स्प्रिंगच दिसेना, मग करणार काय? खुर्चीवर त्याची मुलगी बसली. तिला आम्ही चिमटी म्हणतो, कारण बारीक काम करायचा चिमटा ती अंबाड्यात खोचून ठेवते आणि मग दुकानभर शोधत फिरते. "काका, माझा चिमटा बघितलात?" "तुझ्या डोक्यात बघ!" हे आमचं रोजचं. पण हात बापाचाच. तिने बंद केलेला मीटर आणि दादाने बंद केलेला मीटर मला तरी वेगळा ओळखता यायचा नाही.

दुकान सुटलं, पण दादाची ठिगळी सुटली नाही. लांबचं त्याला छान दिसायचं. रोज सकाळी तो गावाबाहेरच्या रस्त्याने एक फेरी मारून यायचा आणि त्या फेरीवर त्याचा दिवस उभा असायचा. मग एकदा बाजाराच्या वळणावर तो उभ्या ट्रकला घासून गेला. गुडघा सोलवटला, आरसा तुटला. एवढ्यावर निभावलं. वहिनींनी मात्र घर डोक्यावर घेतलं. दादाचं एकच उत्तर, "काटा पन्नासवर होता. पन्नास म्हणजे वेग नव्हे." वहिनींना ते पटलं नाही, त्याला वहिनींचं पटलं नाही आणि ठिगळी दुसऱ्या आठवड्यात परत रस्त्यावर आली.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी तो माझ्या टायरला नावं ठेवायला आला. मधल्या काळात मी पुढचा टायर बदलला होता, हे खरं.

"टायर लहान बसलाय," तो म्हणाला. "चाक जास्त फिरतंय, म्हणून काटा जास्त दाखवतोय. माझा कान चाळीस म्हणतो आणि काटा पन्नासवर."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेप काढली, त्याच्या नाकासमोर जुन्या टायरचा घेर मोजला, नव्याचा मोजला आणि म्हणालो, "बघ! आहे का फरक? भावालासुद्धा फसवतो असं वाटलं होय तुला?"

मला वाटलं, तो भांडेल. निदान मला टेप धरता येत नाही म्हणून टोमणा तरी मारेल. तो टेपकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे टायर बरोबर आहे." मग ठिगळी ढकलत घेऊन गेला. सुरूसुद्धा केली नाही. जिंकलो मी, पण मला ते काही बरं वाटलं नाही.

आठवडा गेला नाही तोच जुन्या गाड्यांचा दलाल दादाच्या दारात. गुळगुळीत दाढी, गोड बोलणं, ठिगळीभोवती फेऱ्या. हा माणूस कित्येक वर्षं ठिगळीवर डोळा ठेवून होता आणि दादा दरवेळी त्याला हाकलायचा. आज दादा त्याला खुर्ची देत होता. मी मध्ये घुसलो.

"काय चाललंय?"

"ठिगळी विकतोय," दादा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात नेतील."

तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय? मला वाटलं, ह्या दलालानेच काहीतरी करणी केलीय, कुणालातरी हाताशी धरून गाडीत बिघाड करवलाय. घरी जाऊन वहिनींना विचारलं तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "विकतात तर विकू द्या की, भाऊजी. एक घोर संपेल." पण माझ्याकडे बघेनात. झालं, माझा संशय दलालावरून उडाला आणि वहिनींवर बसला. ह्या बाईला काहीतरी माहीत आहे आणि ती मूग गिळून गप्प बसलीय.

संध्याकाळी दुकान आवरताना मी दादाला गाठलंच. तो मागच्या बाजूला जुन्या टायरांच्या चळतीवर बसला होता.

"खरं सांग. का विकतोयस?"

तो एका टायरच्या खाचेतला खडा नखाने काढू लागला. मग म्हणाला, "बारक्या, आबांचं कसं सुरू झालं होतं, आठवतं तुला?"

आबा म्हणजे आमचे वडील. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचं घर ओळखता यायचं नाही. दारात उभे राहून आम्हालाच विचारायचे, "मालक आहेत का घरात?" पण सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली होती. आबा शिवणकाम करायचे, नजरेने माप सांगायचे. एक दिवस त्यांचं माप चुकायला लागलं.

"माझं तेच झालंय," दादा म्हणाला. "त्यांचं डोळ्यापासून सुरू झालं, माझं कानापासून. मी चाळीस ऐकतो, काटा पन्नास दाखवतो. रोज. टायर बरोबर आहे, ते तू दाखवलंस. मीटर चिमटीने चारच महिन्यांपूर्वी बघितलाय, केबलला ग्रीस लावलंय. मग राहिलं काय? माझं डोकं. ज्या माणसाला आपण किती वेगाने चाललोय ते कळत नाही, त्याने रस्त्यावर जाऊ नये. उद्या कुणाचं तरी लेकरू चाकाखाली येईल."

"अरे, पण काटाच खोटा असेल तर? रस्त्यावरच्या किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत वेळ लावून बघितलंस का?"

"नाही." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आणि वेळ लावला आणि काटाच खरा निघाला तर? मग मी काय करू, सांग."

एवढा धिप्पाड माणूस, पण त्या टायरांवर बसलेला बघून मला रडू यायला लागलं. मी उगीच पंपाची नळी गुंडाळत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी दादाला म्हणालो, "विकायच्या आधी हवा तरी तपासून देतो, नंतर त्या दलालाने माझ्या नावाने बोंब मारायला नको." ठिगळी घेतली आणि थेट गावाबाहेरचा रस्ता धरला. तिथं कडेला किलोमीटरचे दगड आहेत. काटा साठवर स्थिर धरला. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, ह्याला काही शाळा लागत नाही. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळ बघितलं. मिनिट झालं, दगडाचा पत्ता नाही. मिनिटावर आणखी पाव मिनिट गेलं, तेव्हा दगड आला. परत केलं. तेच. काटा साठ सांगत होता आणि ठिगळी पन्नासच्याही आत होती.

म्हणजे दादाचा कान खरा! मी गाडीवरच ओरडलो. शेजारून जाणारा सायकलवाला दचकला.

पण थांबा, अजून आहे. मीटरमध्येच खाली किलोमीटर मोजणारे आकडे असतात. मी ते बघितले. दगडागणिक बरोबर एक किलोमीटर पुढे सरकत होते. आता टायर लहान असता, चाकातलं चक्र झिजलं असतं, तर किलोमीटरसुद्धा चुकले असते, कारण ते आकडे नुसते दात्यांवर फिरतात. किलोमीटर बरोबर आणि काटा तेवढा खोटा, ह्याचा अर्थ एकच. मीटरच्या आत, काट्याला मागे ओढून धरणारी जी केसासारखी स्प्रिंग असते, ती सैल झालीय. दादाच्या शेजारी जन्म काढलाय मी, एवढं मला कळतं.

मग मी वाकून मीटरची रिंग बघितली. दादाने कैक वर्षांपूर्वी दिलेला थेंब उन्हाने विटून तपकिरी झालेला होता, तो मी शंभर वेळा बघितला होता. आता तिथं लालभडक, ताजा थेंब होता. सुबक, सांध्यावर बरोबर मधोमध.

मला आधी हसूच आलं. दलालाने मीटर उघडला असता तर तो थेंब द्यायला कशाला बसला असता? आणि चिमटीने दादाला सांगितलं होतं ते नुसतं केबलला ग्रीस लावल्याचं, त्याला मीटर उघडावाच लागत नाही. चोरून मीटर उघडून, काटा मुद्दाम खोटा करून, वर सवयीने शिक्का मारून ठेवणारं माणूस ह्या जगात एकच होतं. मग हसू जिरलं आणि असा संताप आला की विचारू नका.

चिमटी टेबलाशी होती. मी दार लोटलं आणि म्हणालो, "ठिगळीची स्प्रिंग कुणी सैल केली?"

तिच्या हातातला स्क्रू फडक्यावर पडला. तिने नाहीसुद्धा म्हटलं नाही. "बाबांना कळलं?"

"बाबाला काय कळलंय ते मी सांगतो तुला," मी म्हणालो. "बाबाला कळलंय की त्याचा आबा होतोय!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. ट्रकला घासल्यानंतर वहिनींना रात्ररात्र झोप नव्हती. पोरीच्या मागे लागल्या होत्या, काहीतरी कर, त्यांच्या गाडीचं काहीतरी कर. गाडी बिघडवली असती तर दादाने तासाभरात दुरुस्त केली असती. चाव्या लपवल्या असत्या तर त्याने घरात रामायण घडवलं असतं. तेव्हा हिने विचार केला, बाबा काट्याचं ऐकतात. काटा पन्नासला टेकला की त्यांचा हात आपोआप सैल सुटतो. मग पन्नास जिथं दिसतं तिथं खरे चाळीसच असू देत.

"मला वाटलं, ते हळू चालवतील, बस," ती म्हणाली. "आणि चालवत होते, काका. आई किती खूश होती. मला काय माहीत, ते काट्याऐवजी स्वतःवरच संशय घेतील? बाबा! ज्यांचा कान…"

"त्याने मीटर तुझ्या हातचा म्हणून खरा मानला. कान त्याचा स्वतःचाच होता, तो खोटा ठरवला."

तिने अंबाड्यातला चिमटा उपसला. "गाडी आत घ्या. आत्ता नीट करते. संध्याकाळच्या आत काटा खरा होईल आणि त्यांना कळणारही नाही."

"हात लावशील तर याद राख!" मी ओरडलो. "गुपचूप केलंस ते पुरे झालं. आधी सांगायचं."

सांगितलं. घरी, स्वयंपाकघरात, वहिनी ओट्याशी उभ्या. चिमटीने बापाच्या समोर बसून सगळं सांगितलं, मान खाली घालून. वहिनी मध्येच म्हणाल्या, "तिला बोलू नका, मीच मागे लागले होते." मला वाटलं, आता दादा भडकणार. नाहीतर उडी मारणार, वेडा नाही मी म्हणून नाचणार.

दादा हसला. अगदी मायेने हसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "किती गुणाची पोर," तो म्हणाला. "बारक्या, तू शिकवलंस ना हिला हे?"

"काय शिकवलं?"

"आबांना आपण असंच सांगायचो ना? ते चुकीच्या घरात शिरले की आपण म्हणायचो, 'आबा, त्या लोकांनीच दार बदललंय.' माप चुकलं की म्हणायचो, 'कापड आटलंय.' तू तर किती सफाईने बोलायचास. आबा हो हो म्हणायचे. त्यांना खरं वाटायचं की नाही, कुणाला ठाऊक." तो माझ्याकडे वळला. "मला नका रे असं करू. मला खरं सांगत जा."

"बाबा, हे खरं आहे!" चिमटी ओक्साबोक्शी रडायला लागली. "शप्पथ, मीच केलंय!"

तो तिला थोपटत राहिला, आणि मला कळलं की आता ही गळा काढून रडली तरी त्याला तेसुद्धा प्रेमाचं खोटंच वाटणार. तिघांनी मिळून समजूत घातली म्हणजे तर वाटणारच. मी संशयी माणूस, संशयाची जात ओळखतो. त्याला बोलण्याने औषध नसतं.

मी उठलो. "चल."

"कुठं?"

"दगडांवर. गाडी तू चालव. घड्याळ तुझ्याच मनगटावर असू दे. मी मागे बसतो आणि तोंड उघडत नाही. काट्याला कुणी हात लावलेला नाही, काल होता तसाच आहे. तुझं डोकं गेलं असेल तर काटा साठवर असताना दगड बरोबर मिनिटात येईल. वेडा माणूस स्वतःचा कान बिघडवू शकतो, दगड हलवू शकत नाही."

तो यायला तयार नव्हता. भीती वाटत होती त्याला, उघड दिसत होती. वहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "जा. मी सांगतेय, जा." आजवर ठिगळीवर जा म्हणून त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. बहुतेक त्यामुळेच तो उठला.

रस्ता मोकळा होता. पहिल्या दगडाशी त्याने काटा साठवर आणला. मी मागून त्याच्या खांद्यावरून बघत होतो. त्याची मान काट्याकडे, घड्याळाकडे, काट्याकडे. मिनिट झालं. दगड नाही. त्याची पाठ ताठ झालेली मला जाणवली. दगड आला तेव्हा त्याने गाडी वळवली आणि उलट दिशेने परत तेच केलं. मग तिसऱ्यांदा. मग त्याने ठिगळी दगडाच्या कडेला उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली वाकून किलोमीटरचे आकडे बोटाने चाचपले, जसं काही ते हाताला लागणार होते.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "मी पहिल्या फेरीलाच मनात म्हटलं होतं, अठ्ठेचाळीस."

"मग बोलला का नाहीस?"

"धीर झाला नाही." आणि तो त्या दगडावर बसून ढसाढसा रडला. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

घरी परतलो तर दोघी दारातच. दादा उतरला नाही. ठिगळीवर बसूनच चिमटीकडे बघत राहिला. आता राग आला होता त्याला, खरा राग. मला तर तो बघून हायसं वाटलं.

"चार महिने," तो म्हणाला. "चार महिने मी रोज सकाळी उठून आधी माझं नाव आठवायचो. मग तुझ्या आईचं. मग तुझं. मग दुकानाचा रस्ता. सगळं आठवलं की मगच अंथरुणातून उठायचो. आणि तू पलीकडच्या खोलीत झोपलेली असायचीस."

चिमटीने तोंडावर हात दाबला.

"हळू चालवा, एवढंच म्हणायचं होतं ना तुला? मग म्हणायचं होतंस! तोंड नव्हतं?"

"म्हणत होते ना, बाबा," ती म्हणाली. "मी म्हणत होते, आई म्हणत होती. तुम्ही ऐकायचात कुठं? तुम्ही म्हणायचात, काटा बघा, पन्नासच आहे. काट्याशी वाद नाही."

त्या एका वाक्याने दादाने जन्मभर गिऱ्हाइकांची तोंडं बंद केली होती. ते आपल्याच घरात, आपल्याच पोरीच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकलं. तो टाकीवरून हात फिरवत बसला. वहिनी आत जाऊन पाणी घेऊन आल्या, ते तो प्यायला. पेला परत देताना त्यांच्या हाताकडे बघून म्हणाला, "तुला झोप येत नव्हती, हे मला सांगितलं नाहीस." वहिनी म्हणाल्या, "सांगितलं होतं."

मग त्याने ठिगळी दुकानात घेतली. दलालाला निरोप मीच दिला, आणि तो निरोप मी ज्या भाषेत दिला ती इथं लिहिण्यासारखी नाही. त्याचा ह्यात काही दोष नव्हता हे मान्य, पण गोड बोलणारा माणूस मला आवडत नाही.

चिमटीने मीटर उघडला. दादा शेजारी स्टुलावर. त्याला स्प्रिंग दिसत नव्हती, म्हणून ती करत होती ते सगळं मोठ्याने सांगत होती, "आता रिंग सोडवली, आता काटा काढला, आता स्प्रिंग जरा ताणतेय." तो नुसतं हं म्हणत होता. केबल हाताने फिरवायच्या तपासणी-यंत्राला जोडून दोघांनी पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. काटा चोख झाल्यावर तिने रिंग बसवली आणि सवयीने लाल रंगाची बाटली उचलली. दादाने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "ह्याच्यावर नको."

तिने बाटलीचं झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो. दादाने ठिगळी बाहेर काढली, किक मारली आणि निघाला नाही. मागच्या सीटवर थाप मारून दुकानात ओरडला, "ए चिमटे, बस."

"मी? कामं पडलीत, बाबा."

"पडू देत. काटा खरा आहे. तरी जास्त वाटलं की तू सांगायचं."

ती बसली, चिमटा अंबाड्यात तसाच. मी दारात उभा राहिलो, कारण माझा दोघांवरही विश्वास नाही. ठिगळी बाजाराच्या वळणाकडे गेली आणि आवाज चढत चढत गेला. एवढी वर्षं भिंतीपलीकडे राहून थोडा कान मलाही आलाय. पंचेचाळीस तरी असेल. तेवढ्यात वळणाच्या अलीकडून चिमटीचा आवाज आला, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"बाबा, हळू!"

दादाने वाद घातला नाही. इंजिनचा आवाज उतरला आणि ठिगळी वळणावरून हळू गेली.